नाव घेतल्याबिगर पोलिश येत नाही

अकोला,
२० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सहदेवभाऊले, धाकट्या सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्र पाहून घाबरू नको. फोनवर बोलाले गेली की हे बाजूच्या खुर्चीत बसून कान देतात, अन् गोष्ट त्यायचीच आहे.

आपल्या शेखरची पोट्टी हान्या आता सहा वर्षांची झाली. जन्म पोलंडातला, मराठीचा एक शब्द येत नाही. जुलैच्या सुट्यांत तिले आपल्याकडं पाठवा म्हटलं, तर आगाता सूनबाईनं अट घातली. रात्री पोट्टीचं पोट दुखलं तर थे कोणाले सांगन, असं तिनं विचारलं. घरातल्या एकाले तरी पोलिश बोलता आलं पाहिजे. एप्रिलात ती व्हिडिओवर माही परीक्षा घेणार, अन् तिची आई हालिनाबाई बाजूले बसणार. नापास झाली तर नात येत नाही. म्हणून दिवाळीपासून मी शिकून राहिली.

मास्तरीण बोझेनाबाई दर मंगळवारी कॉम्प्युटरवर येते. दिल्लीत राहून गेलेली, हिंदी बोलते. एकाच शब्दाची सात रूपं होतात म्हणून तिचे इंग्रजीवाले विद्यार्थी रडतात म्हणे. मले काहून रडू यावं? घर, घराले, घरातून, घरात, हे तर आपण दिवसभर करतो. हां, चार-चार अक्षरं एकावर एक बसतात तिथं मात्र दाताखाली खडा आल्यावानी होते.

अडलं दुसरंच. कुटुंबाच्या धड्यात बाईनं नवऱ्याचं नाव विचारलं. आता मी कसं घेऊ? मी म्हटलं, शेखरचे बाबा. बाईनं तेच नाव समजून लिहून घेतलं! आता दर मंगळवारी पान शेखरचेबाबा कसे आहेत म्हणून विचारते. पान म्हणजे तिकडचं श्रीयुत. अन् हे मंगळवारी केस विंचरून मागं येरझारा घालतात. परीक्षेत हालिनाबाईनं नाव विचारलं तर काय करू, थे सांग.

वहिनीले नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुही,
सत्यभामा

*

अमरावती,
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. सत्यभामेस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी इतका हसलो, की तुझी वहिनी चष्मा हातात घेऊन धावत आली. भाकरी थापणाऱ्या बाईला पोलिश झेपायची नाही, असं दिवाळीत मीच म्हणालो होतो. ते शब्द मुकाट्याने गिळतो.

पस्तीस वर्षं मराठी शिकवली, म्हणून पुस्तक आणून पाहिलं. अगं, अर्धी पोलिश तर आईनेच तुला शिकवून ठेवली आहे! आपल्याला विभक्त्या, त्यांनाही विभक्त्या. आपली तीन लिंगं, त्यांचीही तीन. तो गेला, ती गेली, हा भेद त्यांच्या क्रियापदातही आहे. चाकातला च वेगळा आणि चहातला वेगळा, हे इंग्रजी बोलणाऱ्याला घसा सुकेपर्यंत सांगावं लागतं, तू ते झोपेतही म्हणशील. अर्थात हुरळून जाऊ नकोस. आपली खोली इकडे बाई, तिकडे तिचा पुरुष होतो. तिथे मराठी तुला हमखास पाडणार.

पण सात विभक्त्या सहज चालवणारी माझी बहीण नवऱ्याच्या एका नावापाशी अडून बसली, याला काय म्हणावं? लिहून देतो : नत्थुजी. नत्थुजी. नत्थुजी. बघ, आकाश कोसळलं नाही. रोज आरशासमोर म्हण. नाहीतर मीच बोझेनाबाईंना फोन लावून खरं नाव सांगेन.

जावईबापूंना नमस्कार. कंगवा फार झिजवू नका म्हणावं. अधिक लिहीत नाही, जीव लावतेस तो कमी करू नकोस.

तुझा,
सहदेव

*

अकोला,
८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप भाऊ, शि. सा. न. वि. वि.

तुह्या पत्राले आग लागो! तीनदा नाव लिहिलं अन् पाकीट नेमकं यायच्याच हाती पडलं. तेव्हापासून मुद्दाम विचारून राहिले की भाऊनं काय लिहिलं, जरा मोठ्यानं वाच.

आरशापुढं उभी राहिली. न निघतो, पुढचं निघत नाही. तुले हसू येते, पण पोट्टी आली नाही तर? पुढच्या साली तिची शाळा वाढन, मंग कोण येते? मले तिच्याशी माह्या तोंडानं बोलायचं आहे, शेखरच्या नाही. अन् मले शिकवतो, तर तुह्या घरी वहिनीनं कधी घेतलं तुहं नाव?

सत्यभामा

*

अमरावती,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यभामेस, आशीर्वाद.

तुझ्या चिथावणीवरून जेवताना तिला नाव घ्यायला सांगितलं. आधी नुसती लाजली, मग उखाण्यात घेतलं, आणि त्यात माझ्या घोरण्याचाही उद्धार केला. चूक माझीच. खोडी काढायच्या भरात तुझी काळजी दिसली नाही मला. परीक्षेच्या दिवशी इथे देवापुढे दिवा लावून बसतो.

सहदेव

*

अकोला,
२८ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप भाऊ, शि. सा. न. वि. वि.

परवा परीक्षा झाली. पोट दुखणं, ताप, भूक, आंघोळ, सगळं सांगितलं. तुह्या खोलीनं पाडलंच, पण बाकी धकलं. अन् मंग हालिनाबाईनं हसत हसत विचारलं की तुमच्या मालकायचं नाव काय.

मी तोंड उघडून तशीच बसली. शेखर म्हणे नेट गेलं. आगाता फोन हलवून पाहे. माय वं, मले वाटलं गेली पोट्टी हातची! तितक्यात वहिनीच्या उखाण्याची आठवण झाली, अन् डोळे मिटून पोलिशमंदी म्हटलं :

गोरोंचा हेर्बाता, व दोमू दूझो लूजी,
मूय मोंश तो पान नत्थूजी!

म्हणजे, गरम चहा, घरात लय माणसं, अन् माहे मालक श्रीयुत असे असे. हालिनाबाईनं टाळ्या वाजवल्या अन् पुन्हा म्हणाले लावलं. शेखर तिले आपली रीत समजावून सांगाले लागला, तर हान्या त्याले ढकलून पुढं आली. तिनं मलेच विचारलं, की मी अकोल्याले आली तर मलेही आजोबाचं नाव घेता येणार नाही का, मंग मी त्याले हाक कशी मारू?

भाऊ, मले सगळं समजलं. अक्षर अन् अक्षर. मी तिले तिच्याच भाषेत सांगितलं की आजोबा म्हण. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. मधात कोणी नव्हतं रे, थे अन् मी. माह्या डोळ्याले धार लागली.

मंग आगातानं परीक्षेचं पुढं काही विचारलं नाही. जुलैत अकोल्याले कपडे कोणते लागतात, एवढंच विचारलं.

हे दाराआड उभे होते. नाव ऐकल्यापासून उगाच आतबाहेर करतात, अन् दर घंट्याले चहा मागतात. गरम.

आता तुही माया हान्यासाठीही थोडी राखून ठेव. जुलैत ये, पोट्टीशी काय बोलायचं थे मी तुले सांगन.

तुही बहीण,
सत्यभामा