बॅरिस्टरची शीतनिद्रा

१ फेब्रुवारी, सकाळी

रोजनिशी सुरू. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा फक्त खरं लिहायचं.

काल एका गिऱ्हाइकाकडे फ्रीजची कम्प्लेंट होती. मेकॅनिक रजेवर, म्हणून सुपरवायझर असूनही स्वतः गेलो. गिऱ्हाईक परदेशी निघालेलं. घरभर खोकी, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत हा. इग्वाना. हिरवागार, हातभर लांब, शेपूट वेगळी. नेता का, म्हणाला. लगेच हो म्हटलं. आमच्या साहेबांकडे नुसता कुत्रा आहे. त्याने खाणं, पाणी, दिवा असं बरंच काही समजावलं. माझं डोकं त्या वेळी कॉम्प्रेसरमध्ये होतं, पण सारांश ध्यानात आला.

गळ्याखाली कातडीची झालर आहे, वकील लावतात त्या पांढऱ्या पट्ट्यासारखी. नाव ठेवलं बॅरिस्टर.

संकल्प: रोज अर्धा तास सरपटणाऱ्या प्राण्यांवर वाचन.

२ फेब्रुवारी

बायको म्हणते, अहो, ही घोरपड घरात कशाला. शास्त्रीय फरक समजावला. त्यावर म्हणाली, मग तुमच्या खोलीत ठेवा, माझ्या डोळ्यांसमोर नको. अज्ञानापुढे हात टेकले.

वाचन सुरू केलं. पहिल्याच पानावर: सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात. पुस्तक मिटलं. आणखी वाचायची गरजच काय! थंडावा म्हणजे माझा विषय. निम्मं आयुष्य त्यात गेलं. गिऱ्हाइकाने पेटीत चांगला तापणारा दिवा लावून ठेवला होता, म्हणजे बिचाऱ्याला भाजतच होता. दिवा काढून माळ्यावर टाकला. एसी शेवटच्या आकड्यावर आणला. थंडीत ठेवलेली वस्तू टिकते, हे आमच्या खात्यात शिपायालाही कळतं.

७ फेब्रुवारी

आज संताप आला. खिडकीतून खाली पाहिलं तर खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंच्या बाल्कनीत प्लास्टिकचा टब, आणि टबात कासव. भर उन्हात! या बाई नोकरीभर मुलांना सूर शिकवत होत्या, आणि एका मुक्या जिवाला धुण्याच्या टबात ठेवतात. तळमजल्याच्या जिन्यात गाठून सुनावलं. त्या म्हणाल्या, वर येऊन बघा ना एकदा. वर नव्हे, खाली, असं दुरुस्त केलं आणि निघालो. बघायचं काय? वरून दिसलं तेवढं पुरे.

संकल्प: अशा लोकांना धडा शिकवायचा.

१० फेब्रुवारी

बॅरिस्टर दिवसभर काचेवर नखं ओढतो. स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेवरच. मी ऑफिसातून कधी येतो याची वाट बघत असणार. ओढ लागली आहे.

पाला खात नाही. संयमी प्राणी. आपल्या साहेबांनी शिकण्यासारखं.

१३ फेब्रुवारी

त्याचा रंग हिरव्याचा राखाडी होतोय. मुरला.

संध्याकाळी लवकर घरी आलो आणि पाहतो तर पेटी रिकामी. स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी स्टूल टाकून बायको बसलेली, आणि तिच्या मांडीवर टॉवेलमध्ये बॅरिस्टर! जी बाई पालीला पाहून कपाटावर चढायची ती त्याला पाला भरवत होती. आणि हा निर्लज्ज डोळे उघडे ठेवून कराकरा खात होता. पाठीवर हिरवा रंगही आला होता. म्हणाली, अहो, तो गारठला होता, त्याला ऊब लागते, ओव्हन लावला की आपणहून माझ्याकडे येतो. हे म्हणे बरेच दिवस चालू आहे, मी ऑफिसात असताना.

विश्वासघात. थंड रक्त म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. ती म्हणाली, खातोय तो, एवढं तरी बघा. लाडाने प्राणी बिघडतात म्हटलं. तिच्या मांडीवरून उचलला. त्याने टॉवेलात नखं रुतवली होती, सोडवायला वेळ लागला. पेटीत ठेवला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

बायको जेवताना बोलली नाही. मनात पटलं असणार.

१७ फेब्रुवारी

सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. बायकोला जावं लागलं. दारात उभं राहून तिने बजावलं: दिवा लावा, पाला बारीक चिरून द्या, पाणी रोज बदला, कुलूप काढा. मी हो म्हटलं. नंतर तिने हात जोडले आणि पुन्हा तेच सांगितलं. मीही पुन्हा हो म्हटलं. रिक्षा खोळंबली होती.

२० फेब्रुवारी

कामाचा डोंगर. मोहीम जोरात. प्राणी-निरीक्षक बाईंना फोन करून कासवाची रीतसर तक्रार केली. २८ तारखेच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठरलंय, त्याच अध्यक्षा. विषय: पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांची हेळसांड, एक सामाजिक कलंक. पहिली ओळ सुचली: ज्यांना बोलता येत नाही त्यांचं ऐकायला मन लागतं. लिहिताना डोळे भरून आले.

पाण्याचं भांडं कोरडं दिसलं. भाषण संपलं की भरतो.

२२ फेब्रुवारी

भाषण संपत नाही. मुद्दे फार आहेत.

बायकोचा फोन. आईचं सांगायच्या आधी बॅरिस्टरचं विचारलं. मजेत आहे म्हटलं. खातो का? खातो. दिवा? उगाच तिला काळजीत कशाला टाका, म्हणून हो म्हटलं. तिला फोनवरच हसू आलं. किती दिवसांनी हसली. माझ्या एका शब्दाने माणूस कसा सुखावतो!

२३ फेब्रुवारी

नखांचा आवाज बंद झाला. शिस्त लागली शेवटी. भाषणात मन लागतंय.

२५ फेब्रुवारी

विजय! बॅरिस्टर डोळे मिटून पडलाय, काचेवर टकटक केली तरी हलत नाही. घाबरलो क्षणभर, हे खरंच लिहितो. पण लगेच पुस्तक काढलं, आणि दुसऱ्या पानावर शब्द सापडला: शीतनिद्रा. थंडीत हे प्राणी गाढ झोपतात. म्हणजे नेमकं टेम्परेचर मला साधलं! भल्याभल्यांना जमत नाही.

झोपमोड नको, म्हणून पाला-पाणी बंद. रविवारी पेटीसकट हॉलमध्ये नेणार. एकीकडे टबातलं कासव, दुसरीकडे आदर्श निगा. नाकाने कांदे सोलणाऱ्या गाण्याच्या बाईंना पहिल्या रांगेत बसवायचं.

२८ फेब्रुवारी, रविवार

थोडक्यात लिहितो.

हॉल भरलेला. व्याख्यान उत्तम झालं. हेळसांडीच्या खुणा मोजून दाखवल्या: रंग उतरणं, डोळे खोल जाणं, कातडी सुरकुतणं. गाण्याच्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग पेटीवरची चादर ओढली.

लोक गप्प झाले. मला वाटलं, भारावले. काहीतरी वास येत होता, म्हणून सेक्रेटरींना हॉलच्या ड्रेनेजबद्दल सगळ्यांदेखत टोकलं. शीतनिद्रा समजावून सांगितली. निरीक्षक बाई उठल्या, हात लावू का म्हणाल्या. हळू, जागा होईल, असं मी माइकवरूनच सांगितलं.

त्यांनी उचलला. जसा पडला होता तसाच वर आला, ताठ, एका बाजूला शेपूट वळलेली. म्हणाल्या, हा मेलाय, निदान दोन-तीन दिवस झाले. हा प्राणी शीतनिद्रा घेतच नाही. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते म्हणून थंड रक्ताचा म्हणतात, त्याला ती बाहेरून द्यावी लागते. कुठे ठेवला होता? माझ्या तोंडून खरं निघून गेलं: एसीत. मागच्या रांगेत एकजण हसला. मग बरेच हसले. मग एकदम कुणीच हसेना.

गाण्याच्या बाईंनी पुढे येऊन आपली शाल काढली आणि त्याला गुंडाळलं. त्या रडत होत्या. दोन दिवसांची तरी ओळख होती का यांची!

आभारप्रदर्शन राहूनच गेलं.

१ मार्च

निरीक्षक बाईंनी कासवाचीही पाहणी केली. मी वरून पाहिला तो टब म्हणे त्याच्या आंघोळीचा. बाकी अर्धी बाल्कनी त्याचीच आहे: वाळू, सावलीला फळ्या, रात्रीची उबेची सोय. शेरा: उत्कृष्ट. मला यापुढे कोणताही प्राणी पाळायला मनाई. ऑफिसात बातमी पोचलीय. साहेबांनी कुत्र्याचा फोटो टेबलावरून ड्रॉवरमध्ये ठेवला, मी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या.

चूक पुस्तकाची आहे. पहिल्या पानावर अर्धवट माहिती कशाला छापायची?

२ मार्च

बायको आली. खालीच गाण्याच्या बाई भेटल्या होत्या, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. तेवढंच बरं. चपलाही न काढता तिने किल्ली मागितली, खोलीत गेली. पेटीसमोर जमिनीवर बसली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेवर नखांचे बारीक ओरखडे आहेत, त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, फोनवर हो का म्हणालात? नाही म्हटलं असतं, तर मी कुणाला तरी पाठवलं असतं. खालच्या बाई आल्या असत्या.

तुला त्रास नको म्हणून, असं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. प्रवासाने ती थकली होती, म्हणून विषय वाढवला नाही.

४ मार्च

प्रायश्चित्त म्हणून आज कडक उपवास. मुद्दाम कुणाला सांगितला नाही. बायको आपणहून विचारेल, मग सांगायचं, मग ती आग्रह करेल, आणि थोडे आढेवेढे घेऊन दोन घास खायचे. त्यातून अबोला सुटेल. योजना पक्की.

दुपारी तिने विचारलं नाही. भांड्यांचे आवाज येत होते.

संध्याकाळी सहज म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. तिचं जेवण झालेलं, ताट घासून पालथं घातलेलं. झाकण्या उघडून पाहिल्या. कशातच काही नव्हतं. स्वयंपाक एकाच माणसापुरता केला होता. म्हणजे मी न सांगताही तिने माझा उपवास ओळखला होता! अशी मनातलं जाणणारी बायको नशिबानेच मिळते.

भूक मात्र फार लागली आहे.