दक्षिण टोक निर्जन

३ तारीख
पोचलो एकदाचा! बेट म्हणजे तळहाताएवढं. लांबी तीन मैल, रुंदी जेमतेम एक. उत्तरेला धक्का आणि सगळी वस्ती, मधे मिठागरं, दक्षिणेला चिखल. बेटाची माहितीपुस्तिका नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुनी माझ्या वडिलांनी लिहिली होती. घरमालकीण मावशी मिठागरात राबते. मी कुणाचा मुलगा ते कळल्यावर तिने मला समुद्राकडची खोली दिली. नशीब काढलं मी!

५ तारीख
इतिहास संपला, उद्योगही : मीठ आणि सुकी मासळी. राहिलं दक्षिण टोक. तिथे जायचं तर गुडघाभर चिखल, आणि माझे बूट नवे. वडिलांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं : 'दक्षिण टोक निर्जन.' उंटावरून शेळ्या हाकल्या खऱ्या, पण बघायला कोण जातंय?
लिहिलेलं पान आधी नावाड्याला द्यायचं, असा इथला रिवाज. समुद्र चढला की पुस्तिकेत वस्ती लिहिली असेल तिथेच तो होडी नेतो. दिलं.

८ तारीख
मावशीने आज जेवताना सांगितलं. वडील आले तेव्हा दक्षिण टोकाला ती सोडून एकतीस माणसं राहत होती. वडीलही चिखलाला कंटाळून तिकडे फिरकले नाहीत. त्याच वर्षी समुद्र चढला. ती माणसं मिठाच्या कोठाराच्या छपरावरून दोन दिवस हाका मारत होती. त्यांत तिची आई, दोन्ही भाऊ. ती मीठ पोचवायला उत्तरेला आली होती, म्हणून वाचली.
मी म्हटलं, वडील तर गेले, आता राग कुणावर धरायचा? ती म्हणाली, खाण तशी माती. आणि मला आणखी वाढलं.


९ तारीख
खिडकीपासून टेबलापर्यंत ओली पावलं. वाळल्यावर मीठ उरलं. माझ्या प्रतीवरचा 'निर्जन' शब्द पुसलेला — फक्त तेवढाच.
नावाड्याकडे पान परत मागितलं. म्हणाला, स्वतः जाऊन बघून या, मग खोडतो.

१० तारीख, सकाळ
दक्षिण टोक. घर एकही नाही, फक्त कोठार. पाणी चढतंय — वाट गेली — छपरावर आलोय.

दुपार
एकटा नाही मी. ओले, मिठाने पांढरे — सरकून मला जागा करून दिली. एका बाईचा चेहरा थेट मावशीचा.

होडी! ओरडतोय — नावाड्याच्या हातात माझं पान. शेजारी मावशी. बघतेय मला, नक्की बघतेय — तिने त्या वाक्यावर बोट ठेवलं —

होडी वळली.

पाणी छपरावर — त्या बाईने मनगट धरलंय — मोजतेय — तीस, एकतीस, बत्ती—