नदीत सोडलेली गाभोळी

आई, मासा धरून परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाला तू वेड्यातच काढलं असतंस. तर ऐक, तुझी मुलगी गेलं वर्षभर तेच करायला शिकते आहे. इथे परदेशातल्या या नावन गावात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बॉइन नावाची नदी आहे. इतकी वर्षं मी तिच्या पुलावरून गाडीने हॉस्पिटलला गेले, पण तिच्याकडे नीट कधी पाहिलं नाही. मग ही साथ आली. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम झाला, भारतात येण्याचा बेत दोनदा रद्द करावा लागला, आणि सुट्टीच्या दिवशी वॉर्डातले चेहरे डोक्यातून घालवायला माझ्याकडे ती एक नदीच उरली.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, बायको गेल्यापासून एकटेच. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकत असायचे. गळाला आमिष नसतं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. मी काठावरून विचारलं, काय मिळतं? ‘मोस्टली, नथिंग,’ ते म्हणाले आणि मला हसू आलं. त्या दिवसांत हसू येणं सोपं नव्हतं. त्यांनीच मला शिकवलं. हा मासा म्हणजे सॅमन. इथली आपली मंडळी त्याला सरसकट रावस म्हणतात. तू ऐकलं असतंस तर ‘हा कुठला रावस!’ म्हणून नाक मुरडलं असतंस. तो समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत येतो. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. आता इतके थोडे परत येतात, की धरला तरी सोडायचाच असा आमच्या नदीचा कायदा आहे. शेतातून वाहून आलेल्या गाळाने तळाचे खडे घट्ट बसले की मादीला अंडी घालायला जागा राहत नाही, म्हणून या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी एका ओढ्यात उभं राहून दाताळ्याने खडे सैल केले. कंबर पार मोडली. ‘लहानपणी आम्हाला वाटायचं, ही नदी कधी रिकामी होणारच नाही,’ शेजारी म्हणाले.

तेव्हा मला तू आठवलीस. तू ऑफिसमधून येतेस, पदर खोचतेस आणि विळीवर बसतेस. शिंगाळ्याच्या पोटात गाभोळी आहे का ते बघायला मी तुझ्या खांद्यावरून वाकते. ‘सर मागे, अंगावर उडेल,’ तू ओरडतेस. पण गाभोळी निघाली की तुझा आवाज बदलतो. आधी हळद-मिठात वाफवायची, मग कोकमाचं आगळ, लाल तिखट, तांदळाचं पीठ आणि मंद तवा. दादा कितीही कुरकुरला तरी ती माझ्याच ताटात पडायची. एकदा शाळेत काहीतरी शिकून आले होते म्हणून मी विचारलं, ‘यातून किती मासे झाले असते गं?’ तू उलथनं हातात तसंच धरून म्हणालीस, ‘ताटात वाढलेल्याला असले प्रश्न विचारू नयेत. समुद्राला काय तोटा आहे?’ मी मुकाट्याने खाल्लं. फार चवदार होतं.

तू गेल्यावर माझ्यासाठी गाभोळी कोणी काढून ठेवली नाही. सासर शाकाहारी. इथे दुकानात सॅमन मिळतो तो पिंजऱ्यात वाढवलेला, काटे काढून प्लास्टिकमध्ये बसवलेला. इतकी वर्षं मी हे मनाला लावून घेतलं नव्हतं. पण या साथीत ड्यूटीवरून घरी आले, अंघोळ केली, की मला गाभोळीशिवाय दुसरं काहीच खावंसं वाटेना. लेकीला सांगून पाहिलं, तर ती ‘फिश एग्ज? आई, नो वे!’ म्हणून मोकळी झाली.

सप्टेंबर संपत आला होता, मासेमारीचे शेवटचे दिवस. दुपारी एकदम माझी दोरी ताठ झाली. ‘लेट इट रन!’ शेजारी ओरडले. खूप वेळ ओढाताण झाली आणि शेवटी जाळ्यात एक मोठी मादी आली, तांबूस झालेली, पोट टम्म. ‘शीज फुल ऑफ एग्ज. माइंड हर नाऊ,’ सांभाळ तिला, असं ते हळू आवाजात म्हणाले. तू म्हणायचीस, हाताला मीठ लावून धर, नाहीतर निसटेल. ते म्हणाले, हात आधी भिजव, कोरड्या हाताने तिचं अंग सोलवटतं. मी हात भिजवले, जबड्यातला गळ काढला आणि तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. दम परत येईपर्यंत असं धरायचं असतं. माझा तळवा तिच्या पोटाखाली होता. आत गाभोळी केवढी आहे ते मला बाहेरूनच कळत होतं, तुझ्याजवळ बसूनच तर शिकले होते. शेजारी पाठ फिरवून जाळं धूत होते. काठावर दुसरं कोणी नव्हतं. तिला दम आला, शेपटी जोरात हलायला लागली, तरी मी धरूनच राहिले. ‘यू कॅन लेट हर गो नाऊ, डॉक्टर,’ ते पाठमोरेच म्हणाले. मग मी बोटं उघडली. ती लगेच गेली नाही, क्षणभर हातावर तशीच राहिली आणि मग खोल पाण्यात गेली.

मला रडू फुटलं. ‘अह, यू डिड ग्रँड,’ ते म्हणाले, आणि आता साऱ्या गल्लीत सांगत असतात, की मासा सोडताना डॉक्टरांना आनंदाने रडू आलं. लेकही कौतुकाने ऐकते. मी नुसती मान डोलावते. ती मादी आम्ही सैल केलेल्या खड्यांत अंडी घालेल, या विचाराने मला बरं वाटतं, हे खरंच आहे. समुद्रालाही तोटा आहे, आई. तुला ते कोणी सांगितलं नव्हतं, त्यात तुझा काय दोष.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की फाडून टाकेन. पण एका माणसाला तरी खरं सांगावं म्हणून बसले. मी आनंदाने रडले नव्हते. मला ती घरी न्यायची होती, चिरायची होती, तुझ्यासारखं करून एकटीने सगळं खायचं होतं. शेजाऱ्यांनी हाक मारली नसती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. भूक लागली होती गं मला, म्हणून रडले.