टाकलं नव्हे, सोडलं

३ एप्रिल १९८६, लातूर

परवा इथे लिहिलं ते चूक आहे. 'शिवगंगा म्हणाली, मी लेकरू विहिरीत टाकलं' – असं ती म्हणालीच नाही! टाकलं हा शब्द तिच्या दिराचा. त्याच्याकडून फौजदारांनी उचलला, त्यांच्याकडून मी, आणि मी तो तिच्या तोंडी घातला. ती निलंग्याच्या पलीकडची. अर्धं मराठी, अर्धं कानडी. तिचे शब्द होते – "बाव्याग बिट्टे."

आज दवाखान्याच्या आडात आया पोहरा सोडत होती. आड आटलाय, दोर संपत आला तरी पोहरा टेकेना. आणि एकदम रत्नम्माआत्याचा आवाज कानात – "बिडु सिंधु, सावकाश बिडु!" लहानपणी पोहरा माझ्या हातात देऊन ती असंच म्हणायची.

बाव्याग म्हणजे विहिरीत. बिट्टे म्हणजे सोडलं. पोहरा सोडतात तसं.

शिवगंगेला तपासून मी लिहिलेला डॉक्टरी अहवाल सोमवारीच कोर्टात गेला. त्यात 'फेकले'. खाली माझी सही.

४ एप्रिल

झोप नाही. फेकलं असेल तर खुनाचा प्रयत्न. बाळंतपणानंतरच्या आजारात केलं, हे मी लिहिलंय, त्यानं शिक्षा टळेलही. पण जिनं फेकलं तिच्या कुशीत ती तान्ही पोर पुन्हा कोण देणार? मी तरी दिली असती का?

७ एप्रिल

औषध लागू पडतंय. शिवगंगा आज नजरेला नजर देऊन बोलली. वॉर्डाच्या दारात पोलीसबाई बसलेली, तिच्यासमोरच विचारलं.

"आभाळातनं आग पडून राहिली होती, बाई. लेकराचं अंग जळत होतं. खाली गार हाय."

"सोडलं कशानं?"

"टोपलीत. दोरानं." माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं!

पंचनाम्यात दोर नाही. टोपली नाही. बाहेर व्हरांड्यात तिची सासू गौरम्मा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला विचारलं.

"दोर? त्यो म्या घरी न्हेला की! पोलीस यायच्या आधीच. दोर तिथंच ठिवला असता तर सांजच्याला गावच्या आडाचं पानी तुमी आणून दिलं असतं का?"

"अन् टोपली?"

"तीबी न्हेली. भाकरीची टोपली हाय ती."

मी हसले. मोठ्यानं. किती दिवसांनी! पोलीसबाईही हसली.

विहीर कोरडी, तळाला नुसता ओला गाळ. पोरीच्या अंगावर ओरखडा नव्हता. हे मला ठाऊक होतं – आणि मी 'नशिबाने' असं लिहून मोकळी झाले होते.

९ एप्रिल

सरकारी वकिलांकडे गेले. जिल्हा नवा, कचेरी नवी, पाटी मात्र जुनीच रंगवलेली – 'लातूर'च्या खालून 'उस्मानाबाद' अजून दिसतं. चहा दिला. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सोडलं काय अन् टाकलं काय, लेकरू विहिरीतच गेलं ना? पहिला अहवाल चुकला म्हणताव, मग दुसरा कशावरून बरोबर? मी भर कोर्टात सोलून काढीन बरं का तुम्हाला."

ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना नांदेडला फोन लावला. ते म्हणाले, बाळंतिणींचं काम कर, कोर्टाच्या नादी लागू नकोस, दोन्ही करणारं कोणी टिकत नाही. म्हणून तर कोणी करत नाही!

घरी येऊन परत परत हात धुतले. टँकरचं पाणी – आणि मी असं वाया घालवलं!

१३ एप्रिल, उदगीर

शब्दाची खात्री करायला आत्याकडे आले. शाळेआधी मला हिनंच शिकवलं. चुलीपुढच्या राखेत एक अक्षर मराठी, एक कानडी.

"बिट्टे म्हन्जे सोडलंच. त्यात काय विचारायचं?"

मग सगळी हकीकत सांगितली. आत्या भाकरी थापायची थांबली. आणि मी कधी न विचारलेलं विचारलं. "आईनं मला टाकलं, असंच घरात सगळे म्हणायचे ना?"

"कोन म्हनलं टाकलं? तुझ्या बापानं म्हनलं आसंल. म्या न्हाई. म्या म्हनले, बिट्टळु. माझ्या मांडीवर सोडली तिनं तुला. म्हनली, वन्सं, माझ्या हाताचा भरवसा न्हाई मला, पोरीला धरा."

तवा तापून धूर निघाला, तेव्हा मी तो खाली उतरवला.

मी अंगावर होते तेव्हाच आईला लोह्याला माहेरी धाडलं. पुन्हा आणलं नाही. अजून तिथंच आहे, मामाकडे. तिला काय झालं होतं ते मला शिकतानाच कळलं होतं. निदान केलं. गेले मात्र नाही.

२२ एप्रिल, लातूर

सुटले! म्हणजे ती सुटली – जामिनावर.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. आधी चूक सांगितली, माझी म्हणून. वकील उठलेच – "शब्दाचा कीस पाडताव, बाई. फरक काय पडतो?"

कुठून आलं कोण जाणे, मी म्हणाले, "साहेब, तुमच्या घरी घागर विहिरीत टाकतात का सोडतात?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग गौरम्मानं दोर आणि टोपली पुढे ठेवली, आणि लगेच विचारलं, "परत कवा मिळंल?" वकीलसुद्धा हसले.

हुकूम: उपचार चालू, लेकरू आईजवळ, सासूच्या देखरेखीखाली. खटला पुढे आहेच. पण माझी सही आता खऱ्या शब्दाखाली आहे.

संध्याकाळी वॉर्डात शिवगंगेनं पोरीला पाजलं. गौरम्मा शेजारी, हात तयार ठेवून. पोर इतकी आधाशी, की ठसका लागला! तिघी हसलो.

२३ एप्रिल

रविवारी, २७ तारखेला, सकाळच्या एस.टी.नं लोह्याला जाणार. आईकडे. मामाला कळवलेलं नाही.