कारण आढळले नाही

४ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि समोर सूक्ष्मदर्शक, फक्त माझा. बंद पडलेल्या चिपा इथे पाकिटांतून येतात. त्या का बंद पडल्या, ते शोधून अहवाल लिहायचा. घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे पोस्टमॉर्टमच की. त्यांच्या छातीतल्या पेसमेकरची चिपही आमच्याच कंपनीची आहे हे ऐकून तर ते फारच खूश झाले. आता वॉरंटीची काळजी मिटली म्हणे.

९ फेब्रुवारी

ॲसिडचं काम एक वयस्कर तंत्रज्ञ बघतात. सगळे त्यांना ॲसिडकाका म्हणतात. चिप गरम करून वर एकेक थेंब सोडायचा, की काळं कवच विरघळतं आणि आतलं चकचकीत शहर उघडं पडतं. कडेने केसाहून बारीक सोन्याच्या तारा. काका म्हणाले, घाई केलीस तर बिघाड शोधण्याऐवजी नवा करून ठेवशील. आज तीन चिपा उघडल्या, एकही वाया गेली नाही.

१७ फेब्रुवारी

पेसमेकरमधली पहिली चिप आली. माणूस गेल्यावर काढून पाठवतात. कोपऱ्यातली एक तार मुळाशी तुटलेली दिसली. विभागाच्या साहेबांना दाखवली. ते म्हणाले, तुझ्या ॲसिडने तुटली असेल, हात बसायचाय अजून. ‘कारण आढळले नाही’ असं लिही. लिहिलं.

३ मार्च

तिसरी चिप, तीच तार. या वेळी ॲसिड लावण्याआधीच एक्स-रे काढला होता. त्यातही तुटलेलीच. म्हणजे दोष माझ्या हाताचा नाही. साहेबांनी एक्स-रे बघितला, खणात ठेवला आणि माझी नोकरी पक्की व्हायला किती दिवस उरलेत ते विचारलं. सही केली. मग डबा खाल्ला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

१२ मार्च

पाचवी. पाचवी सही.

मृत्यूचे कागद टपालाने मागाहून येतात. आज ते फायलीला लावताना नोंदवहीतल्या तारखा बघितल्या. पहिलं पाकीट आलं सतरा तारखेला. तो माणूस गेला वीस तारखेला. लिहिताना चूक झाली असेल म्हणून बाकीचे कागद काढले. दर वेळी तीन दिवस. चिप आधी आली, माणूस नंतर गेला.

काकांना विचारलं. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या बाईनेही हेच विचारलं होतं म्हणाले. मग चिमटा खाली ठेवला.

“तारखा बघू नकोस. ते आपलं काम नाही.”

१७ मार्च

सहावं पाकीट. वरचा नंबर मला पाठ आहे. दवाखान्याच्या प्रत्येक फॉर्मवर तो मीच भरते.

घरी फोन केला. बाबांनीच उचलला. मोरीतला नळ गळतोय, प्लंबरला बोलव म्हणाले. मी बरं म्हटलं.

पाकीट न उघडता एक्स-रे काढला. तार तुटलेली.

१८ मार्च

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीवर यंत्र टेकवून पेसमेकर तपासला. नंबर तोच. काम उत्तम चालू आहे म्हणाले. बाबांना बाहेर बसवून मी तारेबद्दल सगळं सांगितलं, पेसमेकर बदला म्हटलं. डॉक्टरांनी कंपनीने पाठवलेले पाच अहवाल काढून माझ्यासमोर मांडले.

“या तुमच्याच सह्या ना? मग छाती कशाच्या जोरावर उघडू मी?”

खोटं लिहिलं म्हटलं. त्यांनी अहवाल परत फायलीत घातले. कंपनीकडून लेखी आणा म्हणाले. आणि थोडी झोप घ्या.

१९ मार्च

साहेब म्हणतात, अहवाल बदलायचा तर समिती लागते. बैठक २३ तारखेला.

उद्या वीस.

एक्स-रे मागितले. खण रिकामा.

पाकीट कचऱ्यात टाकलं होतं. काकांनी उचलून परत टेबलावर ठेवलं. याचा अहवाल राहिलाय म्हणाले. आवाज नेहमीचाच —

मी दुसऱ्या दवाखान्यात फोन केला. तिसऱ्या. सगळे विचारतात, त्रास काय होतोय? काही नाही. काहीच होत नाहीये —

२० मार्च, सकाळ

दवाखान्याचा बाक. दाखल करून घेत नाहीत. बाबांना सांगितलं, नेहमीची तपासणी आहे. ते शब्दकोडं सोडवतायत.

दुपार

डावा हात त्यांच्या मनगटावर. उजव्याने लिहितेय. मिनिटाला साठ. बरोबर साठ.

खूप भीती वाटायला हवी. ती कुठे आहे कळत नाही. फक्त मोजतेय —

बाबा म्हणाले, इतकं घट्ट धरू नकोस, मी कुठे पळून चाललोय?

अठ्ठावन्न. एकोणसाठ. त्यांना पान उलटायचंय. हात सोड म्हणतात. सोडत नाही. साठ. पुन्हा एक. दोन. तीन. चार —

बाबा पान उलटत ना