बाबांची पाच मिनिटं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. साष्टांगातली निम्मी अंगं सध्या कामाची नाहीत. गेल्या आठवड्यात पुलाचं पॅनेल उतरवताना कंबर धरली, तेवढी सूट द्यावी.

छावणीत सध्या पुलापेक्षा एकाच विषयाची चर्चा आहे. समलिंगी माणसांना सैन्यात उघडपणे राहू द्यायचं की नाही, यावर सरकारने समिती नेमली, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. आजचा नियम असा, की माणूस तसा आहे हे कळलं की त्याचा गणवेश उतरवायचा. कँटीनमध्ये रोज जेवताना वाद होतो. आमचा क्रेनवाला म्हणाला की आता अंघोळीच्या जागी पडदे लावावे लागतील. त्यावर स्वयंपाकी म्हणाला की तो सव्वीस वर्षं या मंडळींना जेवायला वाढतोय, आणि यांच्याकडे अंघोळीच्या वेळी कोणी हौसेने बघेल असं त्याला अजिबात वाटत नाही.

सोमवारी सगळ्यांना एक फॉर्म वाटला. नाव लिहायचं नाही, नुसत्या खुणा करायच्या. सातवा प्रश्न होता, अशा माणसाबरोबर एका तंबूत झोपायला तुमची हरकत आहे का? मी पेन्सिल हातात धरून बसून राहिलो. आत्या, चौदा वर्षं मी त्या माणसाबरोबर एका तंबूत झोपतोय. तो घोरतो असं बाकीचे म्हणतात, मला स्वतःला कधी त्रास झालेला नाही. मी ‘हरकत नाही’वर खूण केली.

आता हे शेवटचं पुन्हा वाच, तो घोरणारा मीच, आणि मग घोटभर पाणी पी.

चार वर्षांपूर्वी सुट्टीत माझ्याबरोबर जो आला होता, हॉस्पिटलात एक्सरे काढणारा, ज्याला मी खोलीतला भागीदार म्हणून तुझ्यापुढे उभा केला, तो नुसत्या खोलीतला भागीदार नाही. आम्ही एकत्र आहोत त्याला सात वर्षं झाली. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तुझ्यापासून लपवायची लाज वाटायला लागली, म्हणून लिहितोय. पत्र छावणीच्या पेटीत न टाकता गावातल्या पेटीत टाकतो. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझा लोभ या पत्रानंतरही होता तेवढाच आहे, असं दोन ओळींत कळव. दोन पुरतील.

तुझा,
भोपू

११ फेब्रुवारी

चि. भोपूस,

आत्याचे अनेक आशीर्वाद, कंबरेसाठी दोन जास्तीचे.

पाणी प्यायले, पण त्याची काही गरज नव्हती. एकतीस वर्षं मी लष्कराच्या शिवणखात्यात गणवेश बेतले. माणूस समोर उभा राहिला की टेप लावायच्या आधी माप कळायचं. तू त्याला घेऊन आलास तेव्हा तो तुझ्याशी बोलता बोलता तुझ्या नाकावरचा चष्मा काढून पुसून परत लावत होता, आणि तू बोलणं न थांबवता मान पुढे केली होतीस. खोलीतले भागीदार भाड्यावरून भांडतात, चष्मे पुसत नाहीत. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते. चार वर्षं लावलीस. लहानपणी रडायला लागलास की अख्खी गल्ली गोळा व्हायची, म्हणून तुझं नाव भोपू ठेवलं, आणि नेमकं इथे तोंडाला कुलूप.

लोभाचं विचारलंस त्याबद्दल भेटशील तेव्हा कान पिळीन.

आता बातमी, आणि ती चांगली नाही. माजी सैनिकांच्या संघटनेने तुझ्या बाबांना निवडलं आहे. अठ्ठावीस तारखेला आमच्या नगरभवनात त्या समितीची सुनावणी आहे. तुझा बाप नियम बदलू नये या बाजूने बोलणार. पाच मिनिटं मिळणार आणि रेडिओवर थेट ऐकवणार. रोज संध्याकाळी तो कपाटाच्या आरशापुढे उभा राहतो, मनगटी घड्याळ काढून ठेवतो आणि मला इस्त्री करता करता भाषण ऐकावं लागतं. सात मिनिटं होतात. ‘एकजूट’ हा शब्द नऊ वेळा येतो. मी सुचवलं की नवाच्या नवही काढले तर वेळेत बसेल. त्याने घड्याळाला चावी दिली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. भाषणात एक वाक्य आहे, ‘आमच्या तुकडीतही असा एक होता.’ तिथे आला की दर वेळी तो भाषण सोडून पाणी प्यायला आत जातो. कोण होता म्हणून विचारलं, तर म्हणाला इस्त्री जळेल, तिकडे लक्ष दे.

भोपू, अठ्ठावीसच्या आधी त्याला सांग. तो तुझ्याबद्दल बोलणार आहे आणि त्याला ते माहीत नाही. नंतर कळलं तर तुझ्याहून जास्त त्यालाच लागेल. मी सांगणार नाही, ते तुझं काम.

एक्सरेवाल्याला माझे आशीर्वाद दे, आणि तू पत्र जरा वळणदार अक्षरात लिहीत जा. अक्षर म्हणजे पावसात भिजलेला चिखल झालंय.

तुझी,
आत्या

१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आत्याकडून तुमच्या भाषणाबद्दल कळलं. त्यात तुम्ही ज्या माणसांबद्दल बोलणार आहात, त्यांतला एक मी आहे. हे फिरवून लिहायचा प्रयत्न केला, तीन कागद फाडले, शेवटी सरळ लिहिलं.

तुम्ही बोलू नका असं मी म्हणत नाही. तुमचं मत तुमचं. पण आमच्याकडे पुलाचं एक पॅनेल उचलायला सहा माणसं लागतात. मोजणी मी करतो, कारण बाकीचे पाच म्हणतात की माझ्या आवाजावर पाय बरोबर पडतात. मधेच हात कोण सोडतो एवढाच प्रश्न तिथे असतो. मी कधी सोडलेला नाही. एकजुटीबद्दल बोलाल तेव्हा हे तुमच्या कानावर असावं, एवढंच.

माझं नाव घेऊ नका. आजच्या नियमाने माझी नोकरी जाईल, आणि मला हे काम आवडतं.

रागवा, पण पत्र टाका.

तुमचा,
भोपू

२५ फेब्रुवारी

चि. भोपूस,

आशीर्वाद. बाबांनी उत्तर टाकलं नाही म्हणून तू काळजीत असशील, तर बैजवार सांगते.

तुझं पत्र त्याने उभ्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि तेलाची कुपी मागितली. चार दिवस घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घातलं. दारं, खिडक्या, कपाट, शेजारणीचं फाटकसुद्धा. आता आमच्या घरात कोण आलं कोण गेलं कळत नाही, काल मी दूधवाल्याला बघून किंचाळले. पाचव्या दिवशी तेल संपलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.

तू जन्मायच्या आधी तो डोंगरावरच्या बिनतारी केंद्रात होता, ते तुला माहीत आहे. तिघंजण एका खोलीत. त्यातल्या एकाला सगळे तारमास्तर म्हणायचे. बाबांना यंत्र चालवायला त्यानेच शिकवलं. तारमास्तर कसा आहे हे बाबांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याचं काही अडलं नव्हतं. मग कोणाच्या तरी हाती तारमास्तरचं एक पत्र लागलं. चौकशी झाली. बाबांना विचारलं की तुला माहीत होतं का. हो म्हटलं असतं तर त्याच्यावरही शेकलं असतं. त्याने लिहून दिलं की मला कल्पना नव्हती, आणि असती तर मी त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो नसतो. खाली सही केली. तारमास्तर दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन डोंगर उतरला. बाबा म्हणाला की अक्का, मी खिडकीत उभा होतो, त्याने वर बघितलं, मी मागे सरलो.

एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला की तेव्हापासून ती सही खरी ठरवायला तो हेच बोलत आलाय.

मी त्याला चहा दिला आणि पत्ता शोधायला बसवलं. तारमास्तर इथून दोन तासांवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. बाबा सकाळच्या बसने गेला. तारमास्तरने ओळखलं, पण बाकावर तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्या मागे बसायला सांगितलं. दीड तास बसला. नंबर आल्यावर तारमास्तरने विचारलं काय बिघडलंय. बाबाने सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की माझ्या दुकानात माफी मागून तू मोकळा होशील, मला त्याचा काय उपयोग? माझ्या कागदावर ‘अयोग्य’ असं लिहिलं ते सरकारने. सांगायचं तर सरकारला सांग.

बाबा परत आला आणि आरशापुढे उभा राहिला नाही. काय बोलणार ते मलाही सांगत नाही. रेडिओ लाव.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. कंबर बरी आहे, पूर्ण साष्टांग घ्यावा.

तू नगरभवनात पहिल्या रांगेत होतीस, पण इथे कँटीनमध्ये काय झालं ते तुला कोण सांगणार? स्वयंपाक्याने रेडिओ मोठा केला. आधी एक निवृत्त अधिकारी पडद्यांबद्दल बोलले, आमचा क्रेनवाला खूश. मग बाबांचं नाव पुकारलं. आमचं आडनाव काही गल्लोगल्ली सापडणारं नाही. अख्ख्या टेबलाने माझ्याकडे बघितलं.

बाबांनी ‘एकजूट’ हा शब्द एकदाच वापरला. म्हणाले की आमच्या खोलीतली एकजूट मोडली हे खरं, पण ती तारमास्तरने मोडली नाही, मी मोडली, एका खोट्या सहीने, आणि ही घ्या त्या जबाबाची नक्कल. मग म्हणाले की संघटनेने मला उलट बोलायला पाठवलं होतं, त्यांची माफी मागतो, त्यांनी माझं नाव यादीतून काढावं. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

आणि मग त्या समितीतल्या बाईंनी विचारलं, की तुमच्या घरात आज सैन्यात असलेलं असं कोणी आहे का? आत्या, माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बाबा खोटं बोलले असते तरी मी समजून घेतलं असतं. मग बाबा म्हणाले की बाई, एकदा या प्रश्नाला मी घाबरून उत्तर दिलं. आता नियमाला घाबरून देणार नाही. तुम्ही आधी नियम बदला, मग हवं त्या घरी जाऊन विचारा, लोक चहा देऊन सांगतील.

तिकडे टाळ्या वाजल्या. इकडे स्वयंपाक्याने रेडिओ बारीक केला. क्रेनवाल्याने मान वर केली नाही. शेवटी म्हणाला की उद्याचा पूल दहा पॅनेलचा आहे, मोजणी तूच करणार ना? मी म्हणालो, करणार. तो म्हणाला, मग जेव. पुढे हळूच विचारलं की ते पडद्यांचं मला फार लागलं का. मी सांगितलं की पडदे लावलेच तर त्याच्याकडच्या बाजूला आधी लावावेत. स्वयंपाकी ओट्याला धरून हसत होता.

दुपारी आमच्या तुकडीच्या मेजरबाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या की त्या सकाळपासून इंजिनाजवळ होत्या, कानठळ्या बसल्यात, रेडिओवर काय लागलं ते त्यांना ऐकू आलेलं नाही, आणि नियमाचा निकाल लागेपर्यंत ऐकू येणार नाही. मग माझ्या सुट्टीचा अर्ज मंजूर केला, जो मी दिलाच नव्हता.

शनिवारी घरी येतोय. एकटा. बाबा दार उघडतील ना?

लोभ मोजू नकोस, नुसता ठेव.

तुझा,
भोपू

१९ जून

चि. एक्सरेवाल्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्राला सुरुवात करायला मला वीस मिनिटं लागली. ‘श्रीयुत’ लिहिलं, तर पाणीपट्टीच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. ‘प्रिय’ मी आयुष्यात कोणाला लिहिलेलं नाही, भोपूच्या आईलासुद्धा नाही. अक्का म्हणाली जावई म्हण, मग म्हणाली सून म्हण, आणि स्वतःच हसत बसली. माझ्याहून वयाने लहान आणि घरातलं माणूस म्हटल्यावर मला लिहिता येतं ते हेच.

मंगळवारी अकरा मतांच्या फरकाने नियम बदलला, ते तू ऐकलं असशीलच. बुधवारी सकाळच्या हजेरीला भोपूने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मेजरबाई म्हणाल्या की हे आज पहिल्यांदाच ऐकलं, आणि आता कामाला लागा. हे तुला त्याने सांगितलं असेल, पण मला त्याने ते स्वतःहून सांगितलं, म्हणून पुन्हा लिहिलं.

संघटनेने माझं नाव काढलं. चार जण रस्त्यात बोलत नाहीत, दोघे नव्याने बोलायला लागले. तारमास्तरने आपल्या कागदावरचा शब्द काढून टाकण्यासाठी अर्ज केला आहे. मी साक्षीदार म्हणून सही केली. त्याने ती चष्मा लावून दोनदा वाचली. मला अजून तो बाकावर नंबर लावूनच बसवतो, पण परवा चहा मागवला.

मार्चमध्ये भोपू एकटा आला तेव्हा मी दार उघडलं, पण तू कुठे आहेस हे विचारायचं धाडस झालं नाही. ती माझी चूक. मला सगळंच समजलंय असं नाही. बोलताना कुठे घसरलो तर तिथेच सांग, मनात ठेवू नकोस. मनात ठेवून काय होतं ते मी पाहिलंय.

दहा तारखेला भोपूच्या तुकडीने बांधलेला नदीवरचा नवा पूल लोकांसाठी खुला होतोय. अक्का, मी आणि तारमास्तर येतोय. तुझ्या हॉस्पिटलातून एक दिवसाची रजा काढ आणि आमच्यात उभा राहा. पुलावर गर्दी असेल, माझा गुडघा बरा नाही, हात धरायला कोणीतरी लागेल.

सही काय करावी यावर आणखी वीस मिनिटं घालवत नाही.

बाबा