बारवेतली टाचणी

मंगळवार, १२ ऑगस्ट
म्हणे टाचणी! अभिषेकाचं पाणी आणायला देवळामागच्या बारवेत उतरले होते. कॉलेजात किड्यांचा अभ्यास करणारी बुद्धप्रिया पायरीवर पालथी पडलेली. ओरडली, "काकू, सावकाश! टाचणी आहे." मी झटकन पाय वर घेतला. ती खो-खो हसली. टाचणी म्हणजे चतुराची बारकी बहीण! निळ्या शेपटीची, काडीएवढी. "लई दुर्मिळ हाय ही. आजूबाजूच्या विहिरी बुजवल्या, हिला आता एवढंच पाणी. सांभाळाल?"
सांभाळीन म्हटलं. त्यात काय!

गुरुवार, १४ ऑगस्ट
शेजारच्या सोजरबाईला कौतुकानं सांगितलं, बारवेत टाचणी सापडली. दिवेलागणीपर्यंत कुंभारी गावभर झालं — लिंबाला टोचलेली टाचणी सापडली, कुणीतरी करणी केलीय! देवळाचे पंच मल्लिनाथअण्णा म्हणाले, "सोमवारी मोटर लावा, सगळं उपसा, तळाला सिमेंट घाला."
हे म्हणतात, "तू कशाला मधी पडतीस?"
पडणारच की!

सोमवार, १८ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. सगळा गाव काठावर, मोटर तयार. मी तांब्या घेऊन सरळ उतरले. "करणी असंल तर आधी मला बाधू दे!" ओंजळभर प्याले, उरलेलं वर देवळात नेऊन पिंडीवर घातलं. मग बुद्धप्रियानं मोबाईलवर फोटो दाखवला.
"हा किडा व्हय!" अण्णा.
सोजरबाई उलट माझ्यावरच — "टाचणी म्हणली तर माणूस टाचणीच समजणार की!"
हसण्यावारी गेलं. मोटर परत. महादेवानं लाज राखली.

मंगळवार, १९ ऑगस्ट
बारव घाण आहे म्हणायला आता कुणाला जागाच ठेवली नाही. काठचं लव्हाळं एकटीनं मुळासकट उपटलं. कंबर मोडली, पण पाणी कसं देव्हाऱ्यासारखं लख्ख! लव्हाळं टाकते कशाला? परसातल्या हौदात भिजत घातलंय, दोऱ्या होतील. उद्या बुद्धप्रिया येणार. बघतच राहील!

बुधवार, २० ऑगस्ट
बघतच राहिली. मग हळूच — "काकू, लव्हाळं कुटंय? अंडी त्याच्याच देठात घालते ती."
तिला हात धरून हौदाशी नेलं. भिंग लावून किती वेळ बसली पोर.
"हायती. ह्याला हात लावू नका."
हौदाकाठचा धुण्याचा साबण आत नेऊन ठेवला. महादेवा, तेवढी जगव.